फरक पडला का?

रागात बोललेलं खोटं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रेमापोटी बोललेलं खोटं मात्र समोरचा माणूस फडक्यात बांधून ठेवतो आणि वेळ आली की गाठ सोडून पुढं करतो.

धम्मशीलाचं खोटं तीन वर्षांपूर्वीचं. तिचा नवरा नागसेन परभणीहून एसटीनं दोन स्पीकर घेऊन आला होता. एक मांडीवर, एक पायाशी. ताडकळस येईपर्यंत असा आखडून बसला की उतरल्यावर त्याला धड चालता येईना. घरी आल्या आल्या, पाण्याचा तांब्या तसाच ठेवून, त्यानं जुने स्पीकर काढले, नवे जोडले, एक जुनी कव्वाली लावली आणि तिच्याकडं बघत उभा राहिला. धम्मशीलाच्या कानाला ती कव्वाली कालच्यासारखीच लागली. त्याच टाळ्या, तीच पेटी, गायकाचा तोच बसलेला घसा. पण उभा जन्म पंचायत समितीत लोकांच्या फायली पुढं सरकवण्यात घालवलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःच्या हौसेचं काही आणलं होतं. नवरा असा रोज थोडाच बघतो? ती म्हणाली, "होय, लय फरक पडला."

बस. तिथनं सगळं सुरू झालं.

स्पीकरच्या मागं अॅम्प्लिफायर आला. तो स्पीकरला शोभत नाही म्हणून दुसरा आला. मोबाइलमधली गाणी नीट उतरत नाहीत म्हणून मधे बसवायला काडेपेटीएवढा एक डबा आला. मग वीज शुद्ध करणारा एक डबा. ताडकळसची वीज दिवसातनं चारदा जाते. तिला आधी घरात थांबवा, शुद्ध मग करता येईल, असं धम्मशीलाला वाटायचं, पण ती बोलली नाही. दरवेळी गाणं लागायचं, नागसेन मान वळवून विचारायचा, शीला, फरक पडला का? शीला म्हणायची, पडला. एकदा पडला म्हटल्यावर दुसऱ्यांदा न पडायला काय कारण सांगणार? नागसेन गावभर सांगत फिरायचा, आमच्या हिचे कान लय तेज हायेत, दारात मांजर आलं तरी तिला कळतं. ते खरंच होतं. मांजर आलेलं तिला ऐकू यायचं. फरक आलेला कधी ऐकू आला नाही.

मागच्या वर्षी नागसेन रिटायर झाला आणि समोरच्या खोलीत रविवारची बैठक सुरू झाली. येणारे दोघंच. एक आप्पाराव, रिटायर तलाठी. बशीतनं चहा असा ओढायचा की पेटीचा सूर त्यात बुडून जायचा, आणि दुसऱ्या गाण्याला त्याची हनुवटी छातीवर टेकलेली असायची. दुसरा दत्तराव, मंडप आणि डीजेवाला. वीस वर्षं वरातीच्या बॉक्सला खेटून चाललेला माणूस; त्याला चहा पाहिजे का विचारायचं तर खांद्याला हात लावून विचारावं लागायचं. हे दोघं डोळे मिटून बसायचे आणि गाणं संपलं की म्हणायचे, वा नागसेनराव, मागल्या रविवारपेक्षा कितीतरी सुधारलं. पुढं बिस्किटांची ताटली असायची. रविवार संपला की धम्मशीला चटईवरचा चुरा झाडायची आणि तिच्या मनात यायचं, दोन गडीमाणसं आठवड्याला येऊन तोंडावर खोटं बोलून जातात आणि त्यांच्या खोट्याचा चुरा मी झाडते. मग आठवायचं, पहिलं खोटं तर आपलंच. झाडणी तशीच हातात राहायची.

पण हे सगळं खपून जात होतं, कारण खिडकी शाबूत होती.

समोरच्या खोलीला रस्त्याकडं एकच खिडकी, आणि खिडकीशी धम्मशीलाचं शिलाई मशीन. शिवण तिला कुणी शिकवली नव्हती. जुनं ब्लाउज उसवायचं, तुकडे चटईवर मांडायचे, कुठला तुकडा कुठं बसतो ते बघायचं, असं करत करत ती शिकली आणि आता वस्तीतलीच काय, बाजाराला येणाऱ्या खेड्यांतली बाई पण तिच्याकडंच यायची. घरात मात्र कुणी येत नसे. मापाचं जुनं ब्लाउज आणि नवं कापड खिडकीच्या गजांतनं आत, शिवलेलं ब्लाउज गजांतनंच बाहेर. बाजाराच्या दिवशी बाया डोक्यावरचं गठुडं न उतरवता उभ्या उभ्या बोलून जायच्या, बाही लांब ठेव, गळा लय मोठा नको. चार बाप्ये बसलेल्या खोलीचा उंबरा ओलांडून गळ्याची खोली सांगायला कोण येणार? खिडकी होती म्हणून धंदा होता.

त्यात बुद्धपौर्णिमा पाच दिवसांवर आलेली. वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात जाणार, आणि पांढऱ्याचं काम सगळ्यात वाईट. पांढऱ्यावर पांढरा दोरा, उजेड कमी असला की टीप कुठं गेली ते दिसत नाही. घामाचा हात लागला की डाग. अकरा ब्लाउजं कापून पडली होती. सकाळचा खिडकीतला उजेड हाच तिचा खरा हात होता.

त्या रविवारी परभणीच्या दुकानाचा मालक आदिनाथ स्वतः आला. गोरापान, कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर एवढं की डाळीची फोडणी मागं सरली. मागच्या महिन्यात यानंच एका भिंतीला फोम चिकटवून दिला होता. राखाडी रंगाचा, अंड्यांच्या ट्रेसारखा खड्ड्याखड्ड्यांचा. महिन्याभरात त्या खड्ड्यांत फोडणीचा धूर जाऊन बसला, धुरावर धूळ बसली आणि मागं पाली राहायला आल्या. दुपारी खोली तापली की भिंतीला जळक्या चपलेचा वास यायचा. धम्मशीलाची सासू कुसुमबाई, तिला दिसतं बरं पण ऐकू कमी येतं, तिनं पहिल्याच दिवशी भिंतीवरनं हात फिरवून विचारलं होतं, "नाग्या, भिंतीला खरूज झाली का काय रं?"

आदिनाथनं पिशवीतनं एक वायर काढली. अंगठ्याएवढी जाड, वर काळ्या जाळीची खोळ, चकचकीत. धम्मशीलाच्या मनात आलं, नुकतीच कात टाकलेली धामण. काडेपेटीएवढा डबा आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे ती लावायची होती, आणि ती जमिनीला टेकवायची नाही म्हणून तिच्याखाली ठेवायला लाकडाचे छोटे छोटे ठोकळेही त्यानं आणले होते.

आदिनाथचं म्हणणं असं, की आवाजाला पण रस्ता लागतो. साधी वायर म्हणजे देवगाव फाट्यावरची गर्दी, जीप, ऊस, बैलगाडी, सगळं एकमेकांत. ही वायर म्हणजे मोकळा हायवे. चार दिवस लावून ऐका, पटलं तर ठेवा. आप्पाराव म्हणाला, बरोबर आहे. दत्तरावनं काय बोलले ते विचारलं आणि मग तोही म्हणाला, बरोबर आहे.

आता वायर बदलायची कुणी? सगळं सामान शोकेसमधे मांडलेलं, आणि शोकेस नि शिलाई मशीन यांच्या मधे वीतभर फट. त्या फटीत हात घालून मागच्या पिना काढायच्या. नागसेनचे गुडघे वाकत नाहीत, आदिनाथचा शर्ट वाकत नाही. दरवेळी हे काम धम्मशीलाचंच असायचं. आधी जुन्या वायरवर गाणं ऐकायचं, मग तिनं नवी लावायची, मग तेच गाणं परत. लाल पिनेच्या जागी लाल, पांढरीच्या जागी पांढरी, एवढं तिला पाठ होतं.

जुन्या वायरवर गाणं झालं. ती शोकेसच्या आडोशाला जमिनीवर बसली, मांडीवर नवी वायर, आणि फटीत हात घातला. बोटांना आधी जळमटं लागली. मग पालीची लेंडी. मग काहीतरी मऊ, गार, हललेलं. तिनं हात असा झटकन बाहेर ओढला की कोपर मशीनच्या लोखंडाला लागलं. बोटांना चिकटलेलं तिनं चिंधीला पुसलं, बोटं नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात पलीकडनं नागसेनचा आवाज आला, झालं का? उठून हात धुवायला जायचं तर चौघांच्या मधनं जावं लागणार. तिच्या तोंडातनं निघून गेलं, "झालं."

वायर मांडीवरच होती. तिला वाटलं, आता गाणं लागेल, हे म्हणतील काहीच फरक नाही, मग सांगू, लावलीच नाही अजून.

गाणं लागलं. जुनीच वायर, तेच गाणं.

आप्पारावनं "अहाहा" केलं. दत्तराव म्हणाला, तबला बघा, तबला कसा सुटा झाला, आधी नुसता गिचका होता. आदिनाथनं डोळे मिटून बोट वर केलं आणि म्हणाला, ऐका, गाणारा श्वास घेतोय तो पण ऐका, जुन्या वायरमधे हा श्वास मेलेला होता. ज्यानं वायर विकायला आणली त्यालाच वायर कुठं आहे ते माहीत नव्हतं. धम्मशीला शोकेसच्या आडोशाला तशीच बसून राहिली. मांडीवर ती काळी धामण, बोटांना पालीची घाण, आणि पलीकडं तीन शहाणी माणसं मेलेला श्वास जिवंत झाला म्हणून माना हलवतायत. तिला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. चहात पडलेली माशी अर्धी गिळून झाल्यावर कळावी, तसं झालं.

"शीला, तू सांग," नागसेन म्हणाला. "फरक पडला का?"

ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. नागसेन हसला आणि पाहुण्यांना म्हणाला, तिचं हो म्हणणं असंच असतं.

मग आदिनाथनं खरा विषय काढला. सर, सामान आता नंबर एक झालं, पण खोली मार खातेय. ती खिडकी आवाज बाहेर फेकते, तिला फोम लावून कायमची बंद करू. ते शिलाई मशीन लोखंडाचं, ते घुमतं, ते मागं न्या. आणि भिंतीवरचे ते काचेचे फोटो, काच थरथरते, ते उतरवून आतल्या खोलीत लावा.

भिंतीवर बुद्धाचा एक आणि बाबासाहेबांचा एक, असे दोन फोटो होते. नागसेनचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "तेवढं सोडून बोला. ते फोटो हलायचे न्हाईत." आदिनाथनं लगेच कान पकडले. नागसेन पुढं म्हणाला, "मशीनचं काय, मंगळवारी हलवू."

मागं म्हणजे परसातली पत्र्याची खोली. मे महिन्यात तिच्यात पापड वाळतात, माणूस बसत नाही. दत्तराव म्हणाला, माझे मंडपाचे दोन गडी पाठवतो. धम्मशीलानं फोटोकडं बघितलं. बायकांना हक्क मिळत नाहीत म्हणून मंत्रिपद सोडलेला माणूस त्या काचेमागं होता. त्याची काच राहिली आणि तिची खिडकी गेली, आणि हे त्याच्याच देखत ठरलं.

पाहुणे गेल्यावर तिनं नवी वायर चिंध्यांच्या बोचक्यात कोंबली आणि राखेनं तीनदा हात घासले.

संध्याकाळी जेवताना तिनं नागसेनला सांगितलं, वायर लावलीच नव्हती. लोकांसमोर सांगितलं नाही, कारण नवऱ्याचं तोंड चौघांत पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण घरात झाकून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. नागसेन आधी म्हणाला, तू लावलीस, विसरली असशील. ती उठली, बोचक्यातनं वायर आणली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. नागसेन घास हातात धरून वायरकडं बघत बसला. कुसुमबाईनं विचारलं, हे काय, साप मारला का?

"झाकून ठेव ते," शेवटी नागसेन म्हणाला.

"मग मंगळवारचं?"

"मंगळवारी गडी येतील. मी हो म्हणलोय."

"फरक न्हाई हे कळल्यावर बी?"

"आप्पारावाला ऐकू आला. दत्तरावाला आला. दुकानदाराला आला. एवढ्या लोकायला मी खोटं पाडत बसू का?"

"आन् माझी खिडकी?"

तो म्हणाला, पौर्णिमा होऊ दे, मग बघू परत. धम्मशीलानं आयुष्यात नवऱ्याचं 'मग बघू' बरंच बघितलं होतं. न्हाणीघराचं दार असंच मग बघू म्हणून सहा वर्षं गोणपाटाचं होतं. तिनं ताटं गोळा केली. पण त्या रात्री तिला पहिल्यांदाच नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं उचलायची शिसारी आली. उष्ट्याची नव्हे. माणूस खोटं आहे हे कळूनही ते चघळत बसतो, त्याची.

मंगळवारी ती सकाळी सातलाच मशीनवर बसली. अकरातली सहा ब्लाउजं झाली होती. सातवं बायनाबाईचं. बायनाबाई दहा वाजताच खिडकीशी येऊन उभी राहिली, पदरानं वारा घेत, ब्लाउज झाल्याशिवाय हलणार नाही म्हणत. तिला मागल्या पौर्णिमेला उसवलेल्या काखेनं विहारात बसावं लागलं होतं आणि ती गोष्ट ती गावाला विसरू देत नव्हती.

दत्तराव दोन गडी घेऊन आला. आप्पाराव बघायला आला. काही उचलायचं असलं की आप्पाराव बघायला असतोच. आदिनाथ फोमच्या गुंडाळ्या घेऊन आला आणि आल्या आल्या खिडकीचं माप घेऊ लागला. टेप बायनाबाईच्या नाकासमोरनं गेला तशी ती दोन पावलं मागं सरली आणि पुन्हा पुढं आली.

"ऊठ, शीला," नागसेन म्हणाला.

धम्मशीलानं बाहीची टीप पुरी केली. दोरा तोडला. मशीनखालचं बोचकं ओढलं, त्यातनं ती काळी वायर काढली आणि मशीनच्या फळीवर, पांढऱ्या ब्लाउजशेजारी ठेवली.

"ही तुमची नवी वायर," ती आदिनाथला म्हणाली. "रविवारी मी ही लावलीच न्हाई. तुमी जुनीच ऐकलीत."

गडी एकमेकांकडं बघू लागले. नागसेननं मान खाली घातली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या. तिचं काळीज एकदा हललं. पण आता वायर फळीवर होती, ती परत बोचक्यात जाणार नव्हती.

पहिला बोलला तो आप्पाराव. "तरी मला वाटलंच. तबला जरा बसल्यासारखाच लागत होता."

"मी तर म्हणणारच होतो," दत्तराव म्हणाला. "पण म्हणलं, कशाला पाहुण्याला वाईट."

धम्मशीलानं दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं. एकाच्या मिशीला सकाळच्या चहाची साय होती. तिला वाटलं होतं, खरं बोललं की ही माणसं लाजतील. निदान गप्प बसतील. ही तर खरं पण बिस्किटासारखं चहात बुडवून खायला लागली.

आणि आदिनाथ? आदिनाथ हसला. खुशाल हसला. म्हणाला, वहिनी, हे तर लय चांगलं झालं. जुन्याच वायरवर तुमाला एवढं छान लागलं, मग विचार करा, नवी लावल्यावर काय होईल? आप्पारावची मान हलायला लागली. दत्तरावची मागोमाग हलली. आणि तो इस्त्रीचा शर्ट, जो रविवारी वाकत नव्हता, तो वाकला. आदिनाथनं स्वतः फटीत हात घातला, तोंड वाकडं केलं, पण लाल पिनेच्या जागी लाल, पांढरीच्या जागी पांढरी लावली. बोटं हळूच शोकेसच्या पडद्याला पुसली. तेही धम्मशीलानं बघितलं. पडदा तिनंच शिवलेला होता.

गाणं लागलं. या वेळी वायर खरोखर नवी होती.

आप्पाराव "अहाहा" म्हणाला. दत्तराव म्हणाला, हां, आता, आता बघा तबला. आदिनाथनं बोट वर केलं. खिडकीत बायनाबाई तोंडात पदर धरून उभी होती, आणि गड्यांपैकी एकानं मशीनच्या कडेला हात घातला होता.

नागसेननं मान वर केली. तो त्या तिघांकडं बघेना. तो धम्मशीलाकडं बघत होता. तीन वर्षांपूर्वी स्पीकर जोडून उभा राहिला होता तसाच; फक्त केस पांढरे झाले होते.

"शीला, फरक पडला का?"

"न्हाई," ती म्हणाली.

गाणं चालूच होतं. कडवं संपलं, पेटी वाजली, दुसरं कडवं लागलं. मग नागसेन म्हणाला, "मलाबी न्हाई."

आदिनाथ म्हणाला, सर, कान पण तयार व्हावे लागतात. दोन महिने द्या. काही ग्राहकांना वेळ लागतो.

"हायेत ते कान ऱ्हाऊ द्या," नागसेन म्हणाला. "वायर काढा. फोम बी न्या. खिडकी ऱ्हाईल."

मग जे झालं ते कुणाचं तेरावं संपवून पांगल्यासारखं झालं. आदिनाथ वायर गुंडाळताना म्हणत होता की ताडकळसला हे कळायला अजून वेळ आहे. दत्तराव गड्यांना ओरडला, जणू रविवारी वायर न लावणारे तेच होते. आप्पाराव जाता जाता नागसेनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, बरं केलंत, मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. चहासाठी मात्र दोन मिनिटं घुटमळला. चहा आला नाही.

खोलीत तिघं राहिली. कुसुमबाई दाराशी बसलेली, नागसेन चटईवर, धम्मशीला मशीनवर. बाहेर बायनाबाई. धम्मशीलाला वाटलं, आता हा भांडेल. चौघांत माझं तोंड काळं केलंस म्हणेल. तिनं उत्तर पण तयार ठेवलं होतं, चांगलं धारेचं.

नागसेन म्हणाला, "मला कधीच आला न्हाई."

"काय?"

"फरक. पहिल्या दिवसापासनं. स्पीकर आणले तवा मी तुला खरंच विचारलं होतं. मला काय कळंना, दुकानात लय भारी वाटलं आन् घरी तसंच. तू म्हणलीस, लय फरक पडला. मला वाटलं, हिला येतोय, मलाच येत न्हाई. मपलाच कान गेला. म्हणलं, आजून चांगलं आणलं तर मलाबी येईल."

"तीन वर्षं?"

"तू दरवेळी म्हणायचीस की, पडला म्हणून."

धम्मशीलाच्या तयार ठेवलेल्या उत्तराची धारच गेली. ती ज्या दोघांच्या मिशीला आणि बशीला एवढे दिवस नाकं मुरडत होती, त्यांनी आठवड्यातनं एकदा खोटं बोलून बिस्किटं खाल्ली. ती पहिल्या दिवसापासनं बोलत आली होती, तेही लाडानं. ह्या माणसाला तिनं तीन वर्षं पटवलं होतं की तो बहिरा होत चाललाय. भिंतीवरचा तो धुरकट फोम, त्यामागच्या पाली, ती धामण, सगळं तिच्याच त्या एका गोड शब्दाची पिलावळ. तोंडात कडू पाणी आलं. ते तिनं गिळलं, कारण थुंकायला जागा नव्हती; समोर पांढरं कापड होतं.

कुसुमबाईला कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून नागसेननं तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं की नव्या वायरनं फरक पडत नाही. ती म्हणाली, "मला तर कधीच काय ऐकू येत न्हवतं बाबा. तुमी सगळे मान हालवायचात, मीबी हालवायची."

नागसेन उठला आणि फोमची एक कड धरून ओढली. ती नुसती सुटली नाही, तिच्याबरोबर भिंतीचा रंग आणि गिलाव्याचे पोपडे आले. आतनं पालीची अंडी खाली पडली, एक फुटलं. उरलेल्या गोंदाचे पिवळे डाग भिंतीवर तसेच राहिले. नागसेन खराट्यानं ते सगळं गोळा करू लागला. मदतीला ये असं तो म्हणाला नाही, आणि ती गेली नाही. पायाखालचं मशीन तिनं चालू केलं. बायनाबाईचं ब्लाउज अजून अर्धं होतं.

ते झालं तेव्हा साडेअकरा वाजले होते. नागसेन कचरा टाकायला परसात गेलेला; घरात बाप्ये उरले नाहीत बघून बायनाबाई पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली, स्वयंपाकघरात जाऊन ब्लाउज घालून आली आणि उजेडात उभी राहिली. सकाळपासनं जे बघितलं त्यानं तिचा जीव बिचकला होता. हुक लावता लावता घाईनं म्हणाली, "फस्ट क्लास बसलंय बाई. लय छान झालं."

धम्मशीलानं चष्मा नाकावर सारला. डावी काख ओढत होती आणि पाठीत बारीक चुणी पडली होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसती.

"छान न्हाई झालं," ती म्हणाली. "हात वर कर. बघ, ओढतंय. काढ, उसवते."